तर्जनी

उजवा हात पुढे करा, म्हणालो.
अंगठा, तर्जनी, मधलं बोट,
तिन्ही एकमेकांना लंब, खोलीच्या कोपऱ्यात
दोन भिंती आणि जमीन भेटतात तशी.
अंगठा : तार कुठे निघाली.
तर्जनी : क्षेत्र कुठे चाललंय.
मधलं बोट मग आपोआप सांगतं
धारा कुणीकडे वाहणार.

सदाशिव पेठेतली रात्रशाळा, पावणेआठ.
दिवसा चौथीची पोरं बसतात त्या बाकांत
गुडघे दुमडून बसलेली माणसं :
खानावळीतला वाढपी, दोन सिक्युरिटीवाले,
पोळीभाजी केंद्रावरच्या मंगल तावरे, मनगटाला अजून कणीक.
सगळ्यांचे हात हवेत,
पिस्तुलं रोखल्यासारखे फळ्यावर.

शेवटच्या बाकावर भानुदास खिलारे.
त्याचाही हात वर. अंगठा नीट. मधलं बोट नीट.
मध्ये जिथे क्षेत्र असायला हवं
तिथे एक गुळगुळीत खुंट.
भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये, रात्रपाळीला,
पत्रा सरकवता सरकवता राहिलं ते तिथंच.

“डावा चालेल का, सर?”
नाही चालत, म्हणालो. डाव्यानं दिशा उलटी येते.
डावा हात मोटरचा.
आणि हे बोलताना माझी तर्जनी
त्याच्याकडेच रोखलेली होती, हे मला
अलका चौकाच्या सिग्नलला, घरी जाताना कळलं.

पुढच्या गुरुवारी तो पिशवी घेऊन आला.
आता रास्ता पेठेत, पॉवर हाऊसच्या मागे,
जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो तो.
पिशवीत एक कॉइल, तांबट आळीतली हातभर नळी,
आणि पासोड्या विठोबापाशी चाळीस रुपयांना मिळालेलं
पेराएवढं चुंबक.

नळी उभी धरली, चुंबक वरून सोडलं.
एरवी टण्णकन फरशीवर आलं असतं.
ते आतच रेंगाळलं. मंगलताई वाकून बघायला लागल्या.
एक, दोन, तीन…
मग हळूच तळहातावर उतरलं.
“तांब्याला चिकटत नाही, सर. तरी तांबं सोडत नाही.”

मग म्हणाला, बोटांचं राहू द्या.
आमची दापोडीची आत्या आठवायची.
गेलो की दारातच, “आलात का पुन्हा?”
निघालो की पिशवी लपवते, चपला लपवते,
“एवढ्यात कुठं? उद्या जा की.”
आणि गप बसून राहिलो तर ढुंकून बघत नाही.
कॉइलचं तसंच. उत्तर ध्रुव जवळ यायला लागला
की ती दाराशी उत्तरच होऊन उभी, मागं ढकलणार,
म्हणजे चुंबकाकडून बघता धारा घड्याळाच्या उलट.
काढून घ्यायला गेलं की तीच दक्षिण, ओढून धरणार,
घड्याळासारखी.

कपाटातल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा
एकीकडे गेला, दुसरीकडे गेला,
चुंबक थांबलं तसा शून्यावर आला.
“आता आत्या जेवायला बसली.”

वर्ग हसला. मी लेंझचा नियम फळ्यावर लिहिला,
पुस्तकातला, अडीच ओळींचा.
फार लांब वाटला.

सहामाहीला प्रश्न होता : उजव्या हाताचा नियम,
सुबक आकृतीसह. माझाच प्रश्न,
जुन्या पेपरवरून न वाचता उतरवलेला.

भानुदासनं आपला उजवा हात पानावर ठेवून
डाव्यानं भोवती पेन्सिल फिरवली असावी.
रेघ थरथरलीय, अंगठ्याशी तर दोनदा.
मधलं बोट, अनामिका, करंगळी, सगळं आहे.
तर्जनीच्या जागी, खुंटापासून पुढे,
तुटक रेषा, टोकाला बाण,
आणि बारीक अक्षरात :
चुंबकीय क्षेत्र (दिसत नाही).

बोटं एकमेकांना लंब नव्हती.
त्याचा अर्धा गुण कापतात.
मी लाल पेन उचललं,
अंगठा खालून, मधलं बोट बाजूनं,
आणि वरून
तर्जनीनं दाबून धरावं लागतं ते.